नॉबवर १८०, आत किती? ओव्हनचं तापमान घरच्या घरी कसं तपासावं आणि दुरुस्त करावं

खरपूस

मंडळी, ओव्हनवर इथे आधी बरेच धागे येऊन गेलेत, पण ते सगळे "कुठला घेऊ" छापाचे. माझा प्रश्न घेऊन झाल्यानंतरचा आहे.

ओव्हन विजेचा, नॉबवाला. १८० ला लावून केक ठेवला की मधोमध डोंगर येतो, डोंगराला भेग पडते, कडा काळपट होतात आणि सुरी घातली की आत चिकट. हाच केक, हेच माप, हाच टिन बहिणीच्या ओव्हनमध्ये व्यवस्थित होतो. म्हणजे कृतीवर संशय घ्यायला जागा नाही.

म्हणून आत ठेवायचा गोल, काट्याचा थर्मामीटर आणला. त्याने गोंधळ वाढवला. ओव्हन तापत असल्याचा दिवा विझतो तेव्हा काटा १६० वर, थोड्या वेळाने २१०, मग १८५, परत २०५. एका जागी ठरेल तर शपथ! यातला खरा आकडा कुठला धरायचा? थर्मामीटरच खोटा असेल तर ते कसं ओळखायचं? आणि खोट ओव्हनमध्येच निघाली तर ती घरी दुरुस्त होते की माणूस बोलवावा लागतो?

तापलेला_तवा

सरळ १६० ला लावा आणि मोकळे व्हा. :)

अर्धा_अंश

तव्यांचा उपाय चालेलही, पण किती कमी करायचं हे मोजल्याशिवाय कसं कळणार? १६० का, १७० का नाही?

खरपूस, तुम्ही लिहिलेले सगळेच आकडे खरे असू शकतात. घरगुती ओव्हन १८० वर स्थिर राहत नाही, तो १८० च्या आजूबाजूला झोके घेतो. थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान राखणाऱ्या स्विचला, चालू आणि बंद एवढ्या दोनच गोष्टी कळतात. तापमान ठरल्यापेक्षा थोडं वर गेलं की तो एलिमेंट (ओव्हन तापवणारी सळई) बंद करतो, थोडं खाली आलं की चालू. शिवाय बंद केल्यावरही लाल झालेलं एलिमेंट काही वेळ उष्णता सोडत राहतं, त्यामुळे पारा आणखी चढतो. चालू झाल्यावर ते तापायला वेळ घेतं, तेवढ्यात पारा आणखी उतरतो. वरखाली १० अंश हा नॉबवाल्या ओव्हनचा नेहमीचा खेळ आहे, कुठे कुठे २० सुद्धा. पहिला झोका सगळ्यात मोठा असतो. तुमचा तो २१० बहुधा त्यातलाच, तो सोडून द्या.

मोजायचं असं. ओव्हन रिकामा करा, जास्तीचे ट्रे बाहेर काढा, पंखा असेल तर बंद. थर्मामीटर मधल्या रॅकवर, बरोबर मध्यभागी, भिंतीला किंवा ट्रेला न टेकता. १८० ला लावा आणि अर्धा तास तरी ढुंकून बघू नका. मग दिवा लागताना-विझताना लक्ष ठेवा आणि प्रत्येक फेरीतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा आकडा लिहून काढा. काटा सगळ्यात खाली दिवा लागल्यानंतर थोड्या वेळाने जातो आणि सगळ्यात वर दिवा विझल्यानंतर, म्हणून दिव्याच्या क्षणीच आकडा टिपून उठू नका. चार-पाच फेऱ्यांची सरासरी काढा. ती सरासरी आणि नॉबवरचा आकडा यांतला फरक म्हणजे तुमच्या ओव्हनची चूक.

दार उघडायचं नाही, काचेतून टॉर्च मारून वाचायचं. दार उघडलं की आतली गरम हवा बाहेर पडते आणि तुम्ही मोजता ते दार उघडलेल्या ओव्हनचं तापमान.

अवांतर: काट्याच्या थर्मामीटरमध्ये दोन धातूंची चिकटवलेली पट्टी गुंडाळलेली असते. ती आळशी असते. काटा १८५ ते २०५ फिरतोय म्हणजे हवा प्रत्यक्षात त्याहून जास्त वरखाली होतेय. पण सरासरीला त्याने फारसं बिघडत नाही, उलट मदतच होते.

शंकासुर

सरासरी कळली. पण मूळ प्रश्न राहिलाच, थर्मामीटर खरा की खोटा? दोन घड्याळं घरात असली की वेळ कुठली, हा आमच्याकडचा रोजचा वाद.

अर्धा_अंश

बरोबर शंका. निसर्गाने दोन आकडे फुकट दिलेत, ० आणि १००.

बर्फाचा चुरा गच्च भरलेल्या पेल्यात बर्फ बुडेल इतकंच पाणी घाला, ढवळा, दोन-तीन मिनिटं थांबा. आत ० अंश. खळखळ उकळत्या पाण्यात १००, पण समुद्रसपाटीला. उंची वाढली की दर ३०० मीटरला साधारण १ अंश वजा करा. ९०० मीटरवर राहणाऱ्याला ९७ दिसले तर थर्मामीटर निर्दोष आहे.

अडचण अशी की काट्याचे ओव्हन थर्मामीटर बहुतेक वेळा ५० पासून सुरू होतात आणि पाण्यात बुडवायचे नसतात, डायलमध्ये पाणी शिरतं. म्हणून ही परीक्षा वायरवाल्या डिजिटल प्रोबची (टोकाशी सळई असलेल्या थर्मामीटरची) घ्या आणि मग प्रोब आणि काटा ओव्हनमध्ये शेजारी शेजारी ठेवून ताडून बघा. प्रोब घेताना वायर किती तापमानाला टिकते ते मात्र वाचा, मांसात खुपसायचे सगळेच प्रोब २२० अंशांच्या हवेत टिकत नाहीत.

घरात मल्टिमीटर असेल आणि त्याला तापमान मोजायची सोय असेल तर के टाइप थर्मोकपलची (टोकाशी तापमान मोजणारी) बारीक तार लावता येते. नेहमीच्या दर्जाच्या तारेची चूक २०० च्या आसपास सव्वादोन अंशांच्या आत असते, ओव्हनसाठी रग्गड. तारेचं टोक एका जाड लोखंडी नटात अडकवून ठेवलं तर आकडा फार नाचत नाही. दारातून तार आत घ्यायची तर ती दाराच्या रबरावरून घ्या, पत्र्याच्या कडेत चेमटू देऊ नका.

आणि हो, तापाचा थर्मामीटर ओव्हनमध्ये घालू नका. हसू नका, लोक घालतात. तो ४२ ला संपतो.

तापलेला_तवा

एवढा खटाटोप कशाला? साखर घ्या. साखर १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या द्रोणात चमचाभर पसरा, ओव्हन १७५ ला लावून नीट तापल्यावर १५ मिनिटं आत ठेवा. कोरडी राहिली पाहिजे. मग दुसरी साखर १९० वर १५ मिनिटं, ती वितळली पाहिजे. १७५ लाच पाणी झालं तर ओव्हन जास्त तापतो, १९० लाही ढिम्म राहिली तर कमी. नट नको, तार नको, मल्टिमीटर नको.

अर्धा_अंश

चाचणी जुनी आहे, लोकप्रिय आहे, आणि अगदीच टाकाऊ नाही. पण तिच्या भरवशावर ओव्हनचा दुरुस्तीचा स्क्रू फिरवू नका. ओव्हन झोके घेतो हे आत्ताच बोललो. सरासरी बरोबर १७५ असली तरी झोक्याचं टोक १९० ला शिवत असेल, तर कडेची साखर वितळेल आणि बिचाऱ्या निर्दोष ओव्हनवर आळ येईल.

दुसरं म्हणजे साखर बर्फासारखी एका ठरावीक अंशाला वितळत नाही. २०११ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तापवताना साखरेचा रेणूच मोडायला लागतो, आणि ती कधी पातळ होईल हे किती वेगाने तापवलं यावर अवलंबून असतं. १५० अंशांना काही तास ठेवलेली साखरही तपकिरी होते. तेव्हा १८६ हा आकडा पुस्तकात जेवढा ठाम वाटतो तेवढा फॉइलच्या द्रोणात नसतो.

तापलेला_तवा

मान्य, पण वीस-तीस अंशांची चूक तरी सापडेल ना? पुष्कळ झालं. केकला तुमचा अर्धा अंश कळत नाही हो.

अर्धा_अंश

हे मात्र खरं. ५ अंश इकडेतिकडे असतील तर ओव्हनला हात लावू नये, असंच मीही सांगेन.

शंकासुर

ती लाल ठिपका मारणारी पिस्तुलं मिळतात, त्यांनी नाही का होत? काचेतून ठिपका मारायचा, आकडा हजर.

नटबोल्ट

काचेतून तर नाहीच. लाल ठिपका आरपार जातो, पण तो फक्त नेम धरायला. मोजणी होते ती उष्णतेच्या किरणांची आणि ते किरण काच अडवते. तुम्हाला मिळेल दाराच्या काचेचं तापमान.

दार उघडून मारलंत तरी ते पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे. त्यात चकचकीत पत्रा किंवा फॉइलवर मारलं तर आकडा भलताच कमी येतो, कारण चकचकीत धातू स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि आजूबाजूचेच परतवतो. काळा जाड लोखंडी तवा तासभर आत ठेवून, दार किलकिलं करून पटकन त्यावर मारलं तर बरा अंदाज येतो. पिस्तुलाचा खरा उपयोग ओव्हनचा तळ किंवा भाजायचा दगड तापलाय का हे बघायला.

मैदामाई

उशिरा येतेय. सगळं वाचलं. माझं स्पष्ट मत: "ओव्हनचं तापमान चुकतं" म्हणून येणाऱ्या निम्म्या तक्रारी तापमानाच्या नसतातच.

पहिली गोष्ट, तो दिवा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं सगळे धरून चालतात. दिवा एवढंच सांगतो की सेन्सरजवळची हवा एकदा त्या आकड्याला पोचली. भिंती अजून गार असतात. अशा वेळी दार उघडून टिन ठेवला की गरम हवा निघून जाते, एलिमेंट सपाटून चालू होतं आणि केकला भिंतींची संथ आच मिळण्याऐवजी एलिमेंटचा थेट चटका बसतो. खरपूसनेच लिहिलंय ना, दिवा विझतो तेव्हा काटा १६० वर! काट्याचा आळस त्यात धरला तरीही. दिवा विझल्यावर आणखी १५-२० मिनिटं थांबायचं. ब्रेडला तर त्याहून जास्त.

दुसरं, टिन. काळा टिन उष्णता खेचतो, चकचकीत टिन परतवतो. त्याच १८० ला काळ्या टिनात कडा आधी करपतात.

तिसरं, पंखा. पंखा चालू असेल तर कृतीतल्या आकड्यातून २० वजा करायचे. कृती पंख्याविना लिहिलेली आणि आपण पंख्यासह भाजतोय, याचा दोष थर्मोस्टॅटला.

चौथं, कृती फॅरनहाइटमधली. ३५० म्हणजे १७७, ३७५ म्हणजे १९१, ४०० म्हणजे २०४. कुणीतरी सोयीसाठी गोल केलेले आकडे पुढे कॉपी होत होत भलतीकडेच जातात.

एवढं म्हणूनही, खरपूसची लक्षणं मात्र जास्त तापमानाचीच वाटतात. बाहेरचा भाग लवकर घट्ट झाला की आतलं पीठ फुगायला जागा शोधतं, ती वर सापडते आणि कवच फुटतं. भेग म्हणजे तेच. कमी तापमानाचा केक उलटा वागतो: फिका, जड, बऱ्याचदा मधे बसलेला.

शंकासुर

पंख्याची गोष्ट कळली, पण मोजताना तो का बंद ठेवायचा?

मैदामाई

चालूच ठेवून भाजत असाल तर चालू ठेवूनच मोजा. ज्या अवस्थेत वापरता त्या अवस्थेतली चूक हवी. वरचं-खालचं दोन्ही एलिमेंट की फक्त खालचं, तेही तसंच.

तापलेला_तवा

माझा ओव्हन टेबलावरचा छोटा आहे. थर्मामीटर ठेवला तर १८० ला २३० दाखवतो. फेकून देऊ?

नटबोल्ट

थर्मामीटर कुठे ठेवलाय? छोट्या ओव्हनमध्ये एलिमेंट हातभरही लांब नसतं. थर्मामीटर त्याच्या समोर आला की तो हवेचं तापमान दाखवत नाही, एलिमेंटच्या झळा खातो. थर्मोस्टॅट मात्र कोपऱ्यात, पत्र्याआड. दोघांचं जमणार कसं? थर्मामीटर आणि एलिमेंट यांच्या मधे फॉइलची छोटी आडभिंत उभी करा आणि परत बघा. फॉइल एलिमेंटला लागू देऊ नका, आणि हे सगळं ओव्हन गार असताना.

तरीही लक्षात ठेवा, तुमचा केकही त्याच झळा खातोय. म्हणून छोट्या ओव्हनमध्ये पदार्थ मधोमध आणि वरून फॉइल, हे कुठल्याही कॅलिब्रेशनपेक्षा (आकडे जुळवण्यापेक्षा) जास्त कामाला येतं.

तापलेला_तवा

आडभिंतीने १९५ वर आला. म्हणजे फेकायचा नाही. आभार.

खरपूस

मंडळी, मोजलं. अर्धा_अंश यांनी सांगितल्याप्रमाणे रिकामा ओव्हन, पंखा बंद, काचेतून टॉर्च. प्रोब बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासून घेतला, काटा त्याच्याशी ताडला, दोघांत नगण्य फरक. सरासरी अशा आल्या:

नॉब १२० ला आत १२८
नॉब १८० ला आत १९५
नॉब २२० ला आत २४१

आता पंचाईत. चूक सगळीकडे सारखी नाही! ८, १५, २१. नॉब कितीने फिरवायचा?

अर्धा_अंश

तीन ठिकाणी मोजलंत हे फार बरं केलंत, एकाच आकड्यावर लोक निकाल लावून मोकळे होतात.

तुमचा ओव्हन नुसता पुढे नाही, तो वर वर जाताना जास्त पुढे पळतोय. नॉब फिरवून फक्त सगळे आकडे एकसारखे सरकवता येतात, पळणं कमी करता येत नाही. म्हणून जिथे जास्त भाजता तिथे जमवून घ्यायचं. तुमचं बहुतेक काम १८० च्या आसपास असेल तर तिथे.

आणि नॉब १५ ने नाही, १३ ने सरकवा. तुमच्या नॉबवरचा एक अंश म्हणजे आत जवळपास १.१ अंश पडतो. १३ सरकवलेत की १८० ला १८० च्या आसपास, १२० ला ११३-११४, २२० ला २२६ मिळतील. तिन्ही ठिकाणी चूक ७ च्या आत आली.

तापलेला_तवा

१५ नाही १३! आयडी सार्थ केलात. _/\_

नटबोल्ट

आता प्रत्यक्ष फिरवायचं कसं. आधी प्लग काढा, भिंतीतला असेल तर मेन स्विच बंद. नुसता ओव्हनचा स्विच बंद करून हात घालू नका.

नॉब सरळ बाहेर ओढा, बहुतेक नॉब ओढून निघतात. उलटा करून मागची बाजू बघा. काही नॉबच्या मागे दोन बारीक स्क्रू आणि खाचांची चकती असते. स्क्रू सैल करून चकती खाचेखाचेने फिरवली की आकड्यांची तबकडी दांड्याच्या मानाने सरकते. आधी पेन्सिलीने मूळ जागेची खूण करून ठेवा. एका खाचेला किती अंश हे प्रत्येक नॉबचं वेगळं, त्यामुळे एक खाच फिरवून परत मोजणं आलंच.

नॉबच्या मागे काही नसेल तर नॉब जिथे बसतो तो दांडा बघा. काहींचा दांडा पोकळ असतो आणि आत खोलवर बारीक स्क्रू दिसतो. तो अगदी किंचित फिरवायचा, पाव फेराही बराच होतो. हेही नसेल तर त्या थर्मोस्टॅटला बाहेरून दुरुस्ती नाही, समजून चालायचं.

डिजिटल ओव्हनला स्क्रू नसतो, सेटिंगमध्ये तापमान कमीजास्त करायची सोय असते. कुठली बटणं किती वेळ दाबायची ते माहितीपुस्तिकेत मिळतं. काही ओव्हन ३५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण १९ अंश सेल्सिअसपर्यंत सरकवू देतात. त्याहून जास्त चूक असेल तर सेन्सरच तपासावा. बऱ्याच डिजिटल ओव्हनमध्ये प्लॅटिनमचा पीटी १००० असतो, तापमानाप्रमाणे त्याचा विद्युतरोध बदलतो. मल्टिमीटरने गार ओव्हनमध्ये २० ते २५ अंशांना १०८० ते ११०० ओहम यायला हवेत. भलताच आकडा आला तर सेन्सर किंवा त्याचं कनेक्टर गेलं.

नॉबवाल्यांनी एक गोष्ट आत टॉर्च मारून जरूर बघावी. मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर पेन्सिलीएवढी तांब्याची किंवा स्टीलची नळी क्लिपांत अडकवलेली असते. तो थर्मोस्टॅटचा बल्ब. आतला द्रव तापून फुगतो, केसासारख्या बारीक नळीतून नॉबमागच्या पडद्याला ढकलतो आणि स्विच बंद होतो. साफसफाई करताना तो क्लिपेतून निसटून खाली पडला किंवा त्यावर तेलकट काजळीचा थर बसला की ओव्हन एका दिवसात "बिघडतो". गार असताना क्लिपेत परत बसवा, हलक्या हाताने पुसा. नळी वाकवू नका. ती चिरली आणि द्रव गेला तर स्विच बंद करायला कुणी उरत नाही, ओव्हन तापतच राहतो.

गॅसचा ओव्हन असेल तर यातलं काही करू नका, जाणकार बोलवा.

शंकासुर

आमच्याकडे व्होल्टेज कमी असतं. त्याने आकडा चुकतो का?

नटबोल्ट

आकडा नाही, वेळ चुकते. व्होल्टेज १० टक्के घसरलं की एलिमेंटची ताकद १९ टक्के घटते. तापायला उशीर, दार उघडल्यावर सावरायला उशीर, पण थर्मोस्टॅट वीज तोडतो त्याच आकड्याला. फारच कमी व्होल्टेजला २५० सारखा वरचा आकडा गाठताच येत नाही, ते वेगळं.

मैदामाई

मी स्क्रूच्या विरोधात आहे, आधीच सांगते. खरपूसचे तीन आकडे कागदाच्या पट्टीवर लिहा आणि ओव्हनशेजारच्या कपाटाच्या दाराआत चिकटवा. "१८० हवे तर १६७ लावा." झालं. पट्टी तिन्ही ठिकाणी बरोबर असते, स्क्रू एकाच ठिकाणी.

नटबोल्ट

आणि घरात दुसरं कुणी भाजायला आलं की? पट्टी वाचणारे कमी, नॉबवर विश्वास ठेवणारे जास्त.

पण एक सांगून ठेवतो. झोका वरखाली २५ हून मोठा असेल, किंवा आकडा दर वेळी वेगळाच येत असेल, तर पट्टी आणि स्क्रू दोन्ही निरुपयोगी. थर्मोस्टॅट बदलायचा. दाराचं रबरही बघा. कागदाचा तुकडा दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटला तर तिथून उष्णता गळतेय.

खरपूस

नॉबमागे दोन स्क्रू आणि खाचा निघाल्या! एक खाच फिरवली. १८० ला आता १७० ते १९२, सरासरी १८१. २२० ला २२७. पट्टीही चिकटवली, मैदामाई नाराज नकोत.

केकचा डोंगर गेला, भेग गेली. पण मागची डावी बाजू अजून जास्त लाल होते.

मैदामाई

ते कॅलिब्रेशनने जाणार नाही, सेन्सर एकाच ठिकाणचं बघतो. पांढऱ्या ब्रेडच्या चकत्यांनी अख्खा रॅक भरा, १८० ला ठेवा, रंग यायला लागला की काढा आणि त्याच क्रमाने मांडून फोटो काढून ठेवा. कुठे गरम, कुठे गार, नकाशा तयार. मग बिस्किटांचा ट्रे अर्ध्या वेळेनंतर फिरवायचा. केक मात्र दोन तृतीयांश वेळ झाल्याशिवाय हलवू नका, मधला भाग सावरलेला नसेल तर बसतो.

शंकासुर

वाचनखूण साठवली. एकदा जमवल्यावर परत कधी तपासायचं?

नटबोल्ट

थर्मोस्टॅट, एलिमेंट किंवा दाराचं रबर बदललं की लगेच. ओव्हनला खूप तापवून स्वतःची सफाई करायची सोय असेल तर ती वापरल्यानंतर एकदा, तो ४८० अंशांच्या आसपास जातो. एरवी नेहमीचा पदार्थ नेहमीच्या वेळेत होईनासा झाला की.